नंबर कुणाचा?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राला 'ग्रामीण महिला आणि डिजिटल साक्षरता' असं भारदस्त नाव दिलं आहे. त्या नावाला साजेसं मी काही बोलेन असं वाटत नाही. मला एका चुकीपासून सुरुवात करायची आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

2024 चा जुलै महिना आठवा. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना नुकतीच जाहीर झाली होती. 1 जुलैपासून अर्ज सुरू झाले आणि पेरणीच्या ऐन दिवसांत बाया शेत सोडून रांगेत उभ्या राहिल्या. महिन्याला दीड हजार रुपये. निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या या योजनेबद्दल आपल्यात मतभेद होते, आजही आहेत. पण दारात आलेल्या बाईला 'थांब, आधी चर्चा करू' असं आपल्यापैकी कुणीच म्हटलं नाही. मी तेव्हा साक्री तालुक्यातल्या काही गावांत काम करत होते. कागद जमवताना लक्षात आलं की एका पाड्यावरच्या अकरा जणींच्या आधारला जो मोबाईल नंबर जोडलेला आहे, तो त्यांचा नाहीच. कुणाचा नवऱ्याचा, आणि नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेला की फोनही त्याच्याबरोबर गुजरातेत. कुणाचा दिराचा. कुणाचा लग्नाआधी भावाचा दिलेला, आता भावाशी बोलणं नाही. आणि दोघींना तर आधार काढताना केंद्रावरच्या मुलाने कुणाचा नंबर टाकला, याचा पत्ताच नव्हता.

मी काय केलं? अकराही जणींना जीपमध्ये घातलं, तालुक्याच्या आधार केंद्रात नेलं आणि सगळ्यांच्या आधारला माझाच नंबर जोडून टाकला. एका नंबरला कितीही आधार जोडता येतात, त्यामुळे कुठल्या नियमाचा भंग झाला नाही. बायांनी माझं कौतुक केलं. मलाही वाटलं, काय झटपट प्रश्न सोडवला!

त्यानंतर वर्षभर माझ्या फोनवर ओटीपी येत राहिले. बँकेचे, गॅसचे, रेशनचे. कोण बाई कुठल्या दिवशी बँकेत गेली, कुणी किती पैसे काढले, हे मला घरबसल्या कळायचं. ते मला कळता कामा नये, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मग 2025 च्या सप्टेंबरात शासनाने या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचं केलं. कापूस वेचणीचे दिवस होते. त्या अकरांपैकी एक मावशी दिवसाची मजुरी बुडवून ऑनलाईनवाल्याच्या दुकानात जाऊन बसली. त्याने आकडे टाकले, ओटीपी माझ्याकडे आला. मी पुण्याला एका बैठकीत, फोन मुका करून ठेवलेला. त्या मुलाने तीनदा फोन लावला. ओटीपी काही मिनिटांत मरतो. मावशी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली आणि शेवटच्या एस.टी.ने परतली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. ती रागावली नव्हती. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "पयले मालकले इचारनं पडे, आते तुमले इचारनं पडस."

एम.एस.डब्ल्यू.ला असताना 'सक्षमीकरण' या विषयावर मी चांगली वीस पानं लिहिली होती. त्या एका वाक्यात ती वीस पानं निकालात निघाली. मी तिला नवऱ्याच्या हातातून काढून माझ्या हातात घेतलं होतं, तिच्या स्वतःच्या हातात काहीच दिलं नव्हतं.

आता जरा मागे जाऊ. तुमच्यातल्या ज्या ज्येष्ठ आहेत त्यांना परित्यक्तांची आंदोलनं आठवत असतील. टाकलेल्या बाईची मागणी काय होती? स्वतःच्या नावाचं रेशन कार्ड. नवरा सोडून गेला, नाव मात्र त्याच्याच कार्डावर अडकलेलं, तिचं धान्य तो किंवा त्याचे आईबाप उचलायचे. त्या कार्डासाठी बायांनी तहसीलदाराच्या दारात ठिय्या दिला, कारण कार्ड म्हणजे नुसते गहू-तांदूळ नव्हेत, ते 'मी एक स्वतंत्र माणूस आहे' याचं सरकारी कबुलीपत्र होतं. पुढे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला रेशन कार्डापुरतं कुटुंबप्रमुख मानलं. आज ती जागा मोबाईल नंबरने घेतली आहे. पैसे, धान्य, गॅस, पेन्शन, पीकविमा, मुलीची शिष्यवृत्ती, कुठेही जा, शेवटी एक संदेश येतो आणि सहा आकडे विचारले जातात. ते आकडे ज्याच्या फोनवर येतात तो आजचा कुटुंबप्रमुख. कायद्यात त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून त्याच्याशी भांडणंही अवघड.

आणि गंमत पाहा, ही कथा सुरू झाली ती आपल्याच खानदेशात. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला दिलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, आणि ते रंजना सोनवणे या बाईच्या हाती पडलं. हा भाग 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. याच शहाद्यात सत्तरच्या दशकात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली होती, हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. म्हणजे देशातला पहिला बारा आकडी नंबर आपल्या भागातल्या बाईचा. पण त्या बारा आकड्यांची किल्ली असलेला दहा आकडी नंबर कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. आपणही नाही.

ई-केवायसीत हे किती टोकाला गेलं ते सांगते. बाईने स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, आपल्या नंबरवर आलेला ओटीपी भरायचा. मग पुढचा रकाना: पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या नंबरवर येणारा ओटीपी. योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. यंत्राला मात्र तो माहीत नाही. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने नऊ वर्षांपूर्वी दुसरं घर केलं. वडील वारलेले. घटस्फोट नाही, पोटगीचा दावा चालू आहे. तिने नऊ वर्षांनी त्याला पहिला फोन केला तो या ओटीपीसाठी. तो म्हणाला, केस मागे घे, मग आकडे सांगतो.

ओरड झाल्यावर शासनाने मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली, आणि ज्यांचा नवरा-वडील हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे त्यांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सवलत काढली. विधवांचा मार्ग मोकळा झाला हे चांगलंच झालं. पण नवरा जिवंत आहे, नांदवत नाही आणि कागदही नाही, या बाईने कुठला दाखला आणायचा? आपल्या गटांत अशा किती जणी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या मैत्रिणीने केस मागे घेतली नाही. तिचा हप्ता थांबला.

हे सगळं 'डिजिटल साक्षरता' या सदरात येतं का? माझं म्हणणं, याच्यापासूनच ती सुरू होते. 2017 ला केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या प्रत्येकी एका माणसाला वीस तासांचं शिक्षण. मार्च 2024 ला ते संपलं तेव्हा 6 कोटी 39 लाख लोक शिकल्याची नोंद झाली. आकडा मोठा आहे. पण 'कुटुंबातला एक' म्हटलं की त्या एकात बाई कितीदा येईल? आणि आली तरी घरी परतल्यावर तिच्या हाती काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 54 टक्क्यांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया 33 टक्के, पुरुष 57 टक्के. प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, त्यावर ओटीपी येत नाही.

आमचा पहिला वर्गही याच वळणाचा होता. संस्थेने जुने संगणक मिळवले, आम्ही 'माऊस धरा' पासून सुरुवात केली. चार दिवसांनी बाया येईनाशा झाल्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "ताई, तो उंदीर मना काय कामना?" वीजही जायची, तो भाग वेगळाच. दुसऱ्या खेपेला आम्ही संगणक गुंडाळून ठेवले आणि वर्ग रात्रीच्या जेवणानंतर अंगणवाडीच्या ओट्यावर घेतला. अट एकच, मुलाला सोबत आणायचं नाही. का? कारण घरात फोन वापरणारा तो असतो. आईने बोट पुढे केलं की तो म्हणतो, 'तुला नाही समजणार, आण इकडे.' प्रेमानेच म्हणतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलाने आणि भाचराने कवितांचं टिपण केलं म्हणून 1952 ला त्यांचं पुस्तक निघालं. त्याबद्दल आपण सगळे सोपानदेवांचे ऋणी आहोत. पण बँकेच्या संदेशाचं टिपण घ्यायला बाईने मुलाची वाट का पाहायची?

पहिला धडा आम्ही ठेवला, स्वतःचा नंबर पाठ म्हणणं. हसू नका. बावीस बायांपैकी नऊ जणींना स्वतःचा नंबर सांगता येत नव्हता, नवऱ्याचा मात्र तोंडपाठ. दुसरा धडा, संदेशातून सहा आकडे शोधणं. अक्षरओळख नसलेल्या बायांनाही आकडे येतात. नोटा, बस, बचत गटाचं पासबुक यांनी ते शिकवलेलं असतं. तिसऱ्या दिवशी मी नेहमीचं वाक्य फेकलं: ओटीपी कधीही कुणालाही सांगायचा नाही! एक आजी लगेच म्हणाली, मग ऑनलाईनवाल्याला कसा सांगतो आपण? सगळ्या खो-खो हसल्या, आणि मला उत्तर सुचेना. खरंच आहे. जाहिरात म्हणते सांगू नका, आणि केंद्रावरचा मुलगा म्हणतो लवकर सांगा. आता आम्ही वेगळं शिकवतो. आकडे सांगण्याआधी विचारायचं, 'हा कशाचा?' संदेशात ते लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर फोनला वाचून दाखवायला लावायचं, तो मराठी वाचतो. आणि घरबसल्या फोन करून आकडे मागणारा कितीही साहेबी बोलला तरी त्याला नाहीच. पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 ला फोन.

फोन मराठी वाचतो म्हटलं, पण अहिराणी ऐकत नाही, हेही सांगायला हवं. बोलून लिहायची सोय आम्ही शिकवली तेव्हा बाया 'माले' म्हणायच्या आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. त्यावर बायांनीच तोडगा काढला. लिहायचंच कशाला, आवाज पाठवायचा. आता गटाच्या बैठकीचे निरोप आवाजातच फिरतात, आणि आखाजीच्या दिवसांत तर झोक्यावरची गाणी माहेरच्या गावांतून एकमेकींना पोचतात.

खर्चाचं बोलू. मुलांसाठी इंटरनेट लागतं, पण ओटीपीला साधा बटणांचा फोन पुरतो. अडतं ते रिचार्जपाशी. जुलै 2024 मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले आणि कंपन्यांचा महिना तर अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षात तेरा रिचार्ज. घरात पैसे कमी पडले की पहिला बंद होतो तो बाईचा नंबर. फार दिवस बंद राहिला की कंपनी तो काढून घेते आणि पुढे दुसऱ्यालाच देते. मग बाईच्या बँकेचे संदेश कुणा परक्याच्या खिशात! डिसेंबर 2024 ला ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि संदेश एवढ्याचेच पॅक देणं बंधनकारक केलं, आणि 2025 च्या जानेवारीत ते आले. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागून घ्यावे लागतात. आमच्या दोन बचत गटांनी ठराव केला आहे की ज्या सभासदाचं रिचार्ज थकेल तिला गटातून उसने द्यायचे. साधा ठराव आहे, पण त्यासाठी दोन बैठका भांडण झालं.

आता तरुण मुलींचा प्रश्न, आणि इथे मला जपून बोलायचं आहे, कारण आपण जळगावात बसलो आहोत. 1994 साली या शहरात मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं. फोटो आणि चित्रफितींचा धाक दाखवून मुलींना अडकवलं जात होतं. राज्यभरातल्या स्त्री संघटना इथे आल्या. ज्या घरांनी ते दिवस पाहिले, त्या घरातली आजी नातीच्या हातात कॅमेरा असलेला फोन पाहून घाबरते, तेव्हा तिला मागासलेली म्हणायची माझी हिंमत होत नाही. पण त्या वेळी मुली गप्प का राहिल्या? बोललो तर शाळा सुटेल, घरात कोंडतील, घाईने लग्न लावतील, ही भीती होती. आज चौदा वर्षांच्या मुलीला कुणी घाणेरडा संदेश पाठवला तर तीही आधी हाच विचार करते: घरी सांगितलं तर फोन जाईल. म्हणजे फोन काढून घेण्याची धमकी गुन्हेगाराच्याच कामी येते. म्हणून आयांच्या बैठकीत आम्ही एकच वचन मागतो: मुलीने येऊन सांगितलं तर तिचा फोन काढून घेणार नाही. हे वचन मिळवणं कुठलंही ॲप शिकवण्यापेक्षा कठीण आहे. चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली आणि पाठलाग करणं, मग तो फोनवरचा का असेना, कलम 78 खाली गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर बायका-मुलांच्या बाबतीतल्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.

केरळातली एक गोष्ट मुलींना आवडते. तिथल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना ठरावीक वेळी फोन वापरायची बंदी होती. फहिमा शिरीन या विद्यार्थिनीने ती पाळायला नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये कोर्टाने सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. पुढे 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून आणि इतरांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानेही डिजिटल सेवा मिळणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बायांना 'कॅमेऱ्यापुढे पापणी मिटा' म्हणणारं केवायसी जमत नव्हतं, त्यातून हा खटला उभा राहिला. अट बदलावी लागली ती यंत्राला. परित्यक्तांच्या रकान्यासाठी हाच निकाल हातात घेऊन आपण भांडू शकतो असं मला वाटतं. इथे वकील मैत्रिणी बसल्या आहेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.

आणि आपल्या बाया अशा लढाईत नवख्या नाहीत. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत. काम नाकारलं नव्हतं त्यांनी. मराठीत द्या आणि चालणारा फोन द्या, एवढंच म्हणणं होतं.

शेवटी माझ्या त्या अकरा जणींचा हिशेब देते, कारण तो मी तुम्हाला द्यायलाच हवा. मी त्यांच्यापुढे चूक कबूल केली. मग एकेकीचं सिमकार्ड तिच्याच नावावर काढलं, दुकानदाराच्या किंवा जावयाच्या नावावर नाही. पुन्हा आधार केंद्रात जाऊन नंबर बदलले. 1 ऑक्टोबर 2025 पासून त्याचे 75 रुपये पडतात, ते पहिल्यांदा मी भरले, कारण चूक माझी होती. सात जणी सुटल्या. ती भाकरी थापणारी मावशी त्यांत आहे. तिने बटणांचा फोन घेतला असून तो ती चोळीत ठेवते. उरलेल्या चौघींपैकी दोघींच्या बोटांचे ठसे घासले गेल्यामुळे उमटत नाहीत, त्यांना पुन्हा न्यायचं आहे. एकीला सासरा फोन ठेवू देत नाही, तिथे बोलणी चालू आहेत. आणि एक म्हणते, ताई, तुमचाच राहू द्या, मला भांडण नको. तिच्याशी मी अजून वाद घातलेला नाही. तिचे ओटीपी अजून माझ्याकडे येतात. म्हणून बैठक चालू असताना मी फोनकडे पाहिलं तर रागावू नका, तो मी आता मुका करत नाही.